गावभर पसरलेलं आमचं थोरलं घर

तीर्थस्वरूप वच्छलाआत्यास, बंकटचा साष्टांग दंडवत. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत (माझा उजवा पाय सोडून, त्याचं पुढे येईलच). तिकडे घाटनांदूरला तुझा गुडघाही वठणीवर आला असेल, असं धरून चालतो.

पत्रास कारण की, शाळेतल्या सुकन्या मॅडम आपल्या गावच्या जुन्या घरांचं आणि शेतांचं पुस्तक करताहेत. पहिलं पान गावातल्या सर्वांत जुन्या घराला. ते आपलंच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती आणि मी तसं पारावर जाहीरही करून टाकलं. अडचण एकच, घर जागेवर नाही. पडलेल्या थोरल्या घराची पांढरी माती लोकांनी कधीच आपापल्या माळवदांवर नेऊन टाकली, छत गळू नये म्हणून. मागे राहिला खड्डा, त्यात आता लखनच्या शेळ्या बसतात. मॅडमना पाहिजे घराचा फोटो. पण मी हार मानणारा नव्हे. म्हटलं, मॅडम, आमचं घर पडलेलं नाही, ते गावभर पसरलंय. माझ्या आजोबांनी, राधाकिशनरावांनी, मोठ्या मनानं ते गावाला वाटून दिलं. चला, दाखवतो.

म्हणून आम्ही शेजारच्या म्हाताऱ्या दगडाबाईच्या माळवदावर चढलो. (तिला विचारायचं राहिलं. आपल्याच घरावर चढताना कोण विचारतं?) मी पायानं माती दाबून दाखवत होतो, आजोबांचं औदार्य चांगलं रंगात आलं होतं, आणि बोलता बोलता एक पाऊल मागे सरकलो तो उजेडासाठी ठेवलेल्या भोकात उजव्या पायानं मांडीपर्यंत गेलो. खाली दगडाबाई भाकरी थापत होती. तिच्या परातीत आपलं ओंजळभर घर पडलं.

"घर तुजं आसंल बंकटा," ती खालून ओरडली, "पर पीठ माजं हाय!" आणि मला ओढून काढेपर्यंत तिनं मॅडमना सगळं सांगून टाकलं. "ह्याचा आजा कसला देतोय! ढेकूळ उचलू देत नव्हता. आमची घरं लई गळायची. त्यो नेकनूरच्या बाजाराला गेलता, तवा वच्छीनं खोरं घेतलं आन् समद्यांच्या पाट्या भरल्या. म्हातारा दोन वर्सं तिच्याशी बोलला न्हाई."

आत्या, हे तू आम्हाला कधीच सांगितलं नाहीस. मला आधी राग आला, आणि खरं सांगतो, मग छाती फुगली. मॅडमनी तिथंच, माळवदावर उभं राहून, वहीतलं आजोबांचं नाव खोडलं. पहिलं पान मिळालं, मथळा 'वच्छलाबाईंचं घर'. पहिलं पान आपलंच, हे मी म्हटलंच होतं.

तुझा आज्ञाधारक भाचा,
बंकट

ता. क. : मॅडम सोमवारी तुझा फोटो काढायला येताहेत. त्यांना बोलता बोलता एवढंच सांग, की पाट्या उचलू लागायला बंकट होता.

आणखी ता. क. : साल विचारलं तर आठवत नाही म्हण. मी बोटांवर मोजून पाहिलं, माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला.