थोरलीचा पाळणा

गिरगाव,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८१७

ती. सौ. यशोदाअक्का हिस,

धाकट्या राजूचा नमस्कार. बाळाचा खोकला गेला का? इकडे सासूबाईंचे गुडघे सोडले तर सारे खुशाल. तू धाडलेले पापड त्यांनी कुलपात ठेवलेत, मला दोनच मिळाले.

माझ्या इंग्रजीचं विचारलंस. रोज दिवेलागणीला इकडची स्वारी शिकवते. बाई गात असली तर 'सिंग्ज', गेलेली गोष्ट असली तर 'सँग', इतपत येतं. पण शिकवताना उदाहरणं सगळी थोरलीची! थोरलीला अमुक आवडतं, थोरली तमुक करते. माझ्या लग्नाआधीच सरणावर गेलेली सवत, अक्का, आणि माझ्यासमोर रोज जिवंत.

परवा हापिसातला साहेब मडमेला घेऊन चहाला आला. आपल्यात पुरुष बायकोचं नाव चारचौघांत घेतात का? "माय वाइफ," एवढंच इकडून म्हणणं झालं. मग माझ्याकडे न बघताच, "शी सिंग्ज. व्हेरी वेल."

मला मेलीला कुठं गाता येतं! गायची ती थोरली. तिचा पाळणा गुणगुणून सासूबाई अजून डोळे टिपतात. मी तिला कधी पाहिलंही नाही, पण त्या घटकेला तिच्या झिंज्या धरून तिला घराबाहेर काढावंसं वाटलं.

मडम कौतुकानं माझ्याकडे वळली. "यू सिंग?"

ती मी नव्हे, ती गेली, हे सांगण्याइतकं इंग्रजी जिभेवर होतं. पण मग या घरात माझ्या वाट्याला काय उरलं असतं? मी "येस" म्हटलं आणि तिचाच पाळणा म्हटला. घोगरा, बेसूर, शेवटच्या कडव्यापर्यंत. मडमेनं टाळ्या वाजवल्या.

पाहुणे पायऱ्या उतरले न उतरले तोच स्वारी मराठीत म्हणाली, "ती असं म्हणत नसे."

नसे! गेलेली गोष्ट! मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती त्या तोंडून गेली. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. मी देवापुढे साखर ठेवली.

तेव्हापासून थोरलीचं नाव निघालेलं नाही. शिकवणीही बंद आहे. जेवायला बोलावलं की पाटावर येऊन बसणं होतं, हात धुऊन ओटीवर जाणं होतं. तिच्याविषयी का होईना, अक्का, माझ्याशी बोलणं तरी व्हायचं.

तुझी, आता एकटीच नांदणारी,
राजू