आबा कुणाच्या गाडीत बसणार

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.
गाडी घरी आली. जुनी आहे, पण या घरात 'सेकंडहँड' हा शब्द यापुढे वापरायचा नाही. 'पूर्वानुभवी' म्हणायचं. डाव्या दारावर ओरखडा आहे; ती बाजू भिंतीकडे ठेवली की दिसत नाही. चारुलतेने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि लगेच म्हणाली, मोहिनीला फोटो पाठवते हं. मोहिनी म्हणजे तिची धाकटी बहीण, धुळ्याला दिलेली. उत्तर आलं ते मोहिनीचं नाही, तिच्या नवऱ्याचं. "अभिनंदन साडूभाऊ! आधी ऑइल आणि कूलंट तपासून घ्या."
अभिनंदन करायचं तर करावं. तपासणी कुणी मागितली होती?

३१ मार्च
मत्सर हा षड्रिपूंपैकी सहावा. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवतोय. यादी मला पाठ आहे. माझ्यात पहिले पाच थोडेथोडे असतील. सहावा नाही. मोहिनीच्या नवऱ्याबद्दल, प्रेमराजबद्दल, मला आहे ते केवळ निरीक्षण.
निरीक्षण असं : दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी पारोळ्याला माहेरी जातात, आम्ही दोघं साडू जेवायला. जेवण झालं की आमचे सासरे, आबा, सांजोऱ्यांचा डबा घेऊन धुळ्याला निघतात, थोरल्या बहिणीकडे. कुंदाबाई अक्कांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून भाऊच जातो. जातो प्रेमराजच्या गाडीतून. आबा पुढे, प्रेमराजशेजारी. मी मागे, दोघी बहिणींच्या मधे, मांडीवर आंब्यांची पेटी.
संकल्प : या आखाजीला आबा माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर. दुसरी काही इच्छा नाही.

६ एप्रिल, रविवार
प्रेमराजची गाडी अकरा वर्षांची आहे आणि आरशासारखी चमकते. कारण काय, तर प्रेमराजभाऊजी दर रविवारी स्वतः बोनेट उघडतात. हे मला आज चहाबरोबर सांगण्यात आलं.
मीही उघडलं. आधी पेट्रोलचं झाकण उघडलं, मग डिकी, मग वायपर सुरू झाले. शेवटी बोनेट. आत बरंच काही आहे. पाहून बंद केलं. आजच्यापुरतं पुरे.

९ एप्रिल
ऑइल तपासलं. शाळेतून आल्या आल्या, गाडी गरम असताना. पट्टीवर कमी दिसलं, म्हणून ओतलं. पुन्हा कमी वाटलं, पुन्हा ओतलं. आता वरच्या खुणेच्याही वर आहे. असू दे. वरणावर तूप जास्त झालं म्हणून कुणी तक्रार करतं का?
चारुलतेने ही बातमी धुळ्याला कळवली. प्रेमराजचा फोन : जास्तीचं ऑइल काढा साडूभाऊ, आणि यापुढे गाडी थंड असताना बघत जा. मी म्हटलं, ते मला ठाऊक होतं, फक्त खात्री करत होतो.

१० एप्रिल
गॅरेजमध्ये गेलो होतो. सहज. तिथे ऑइल काढलं गेलं.

१३ एप्रिल, रविवार
फॅमिली ग्रुपवर प्रेमराजचा व्हिडिओ : एअर फिल्टर कसा साफ करावा. हात पुसायचं फडकंसुद्धा पांढरंशुभ्र. आबांनी अंगठा दाखवला. एक नाही, तीन अंगठे.
मी ऑइलच्या पट्टीचा फोटो टाकला, खाली नुसतं 'पट्टी' लिहिलं. आबांनी विचारलं, हाई काय शे? सासूबाईंनी लिहिलं, जावईबापूंना काही लागलं का?

२० एप्रिल, रविवार
जळगावात चव्वेचाळीस. सिग्नलला उभं राहिलं की तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकतो. चारुलता म्हणाली, भाऊजींना विचारू का? मी म्हटलं, खबरदार. तरी विचारलंच. तो म्हणाला, रेडिएटरची जाळी धुवून घ्या, पंखा लागतो का बघा, वेळ असेल तर गाडी घेऊन या, मी करून देतो.
मी करून देतो! या तीन शब्दांत केवढा अहंकार भरलाय.
जाळी धुणार नाही. दुसरा उपाय शोधणार. माझा.

२३ एप्रिल
उपाय सापडला. फैजपूरला कौतिकसरांकडे गेलो होतो, सहकारी, केळीवाले. त्यांच्या बांधावर उत्तरेला जाणारा ट्रक भरत होता. घडांच्या खाली पानं, वर पानं, बाजूंनी पानं. का, तर केळी तापत नाहीत. अशा उन्हात, एवढ्या लांब!
घरी येताना अनुमान मांडलं.
प्रतिज्ञा : गाडी थंड राहील.
हेतू : केळीच्या पानांमुळे.
उदाहरण : ज्याला पानं, ते थंड, जसा ट्रक.
उपनय : माझ्या गाडीलाही पानं लावता येतील.
निगमन : म्हणून प्रेमराजला विचारण्याचं कारण नाही.
कौतिकसरांना म्हटलं, आखाजीच्या पंगतीला पानं लागणारच आहेत, जरा जास्त द्या. ते म्हणाले, किती माणसं? मी म्हटलं, माणसं आणि एक गाडी. ते हसले. त्यांना विनोद वाटला.

२७ एप्रिल, रविवार
प्रयोग. पुढच्या जाळीच्या आत, रेडिएटरच्या अंगाला, ओलं करून एक पान सरकवलं. पहाटे पाळधीपर्यंत जाऊन आलो. काटा अर्ध्यावर, एक केसही वर नाही. चारुलता म्हणाली, पहाटे तसाही चढला नसता. मत्सर माणसाला कुठे नेतो पाहा. म्हणजे तिच्या माहेरच्यांचा, माझ्याबद्दलचा.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी. सकाळ.
पारोळ्याला विनाविघ्न पोचलो. गाडी दारात अशी लावली की प्रेमराजला आपली बाहेर काढता येऊ नये.

दुपार, जेवणानंतर.
आमरसाची वाटी आधी त्याच्यापुढे गेली. मी असल्या गोष्टी लक्षात ठेवत नाही. मागच्या वर्षीही तसंच झालं होतं.
पंगतीत दोन पानं कमी पडली. मोहिनी आणि प्रेमराज स्टीलच्या ताटात जेवले. पानं कुठे गेली म्हणून सासूबाई हळहळल्या. मी खाली पाहून सांजोरी खात होतो. ऊन वाढलं होतं आणि एका पानावर विसंबणं बरं नव्हतं.
आबा डबा घेऊन ओट्यावर आले, म्हणाले, आज कोनी गाडी? मी तोंड उघडण्याआधी प्रेमराजच म्हणाला, आबा, आज साडूभाऊंच्या नव्या गाडीत बसा, आम्ही मागून येतो.
आबा माझ्या गाडीत बसले. पुढे. माझ्या शेजारी. दार मी लावून घेतलं. आयुष्यात हवं ते मिळालं, पण तेही त्याच्या हातून. आता निघतो.

संध्याकाळ. धुळे, अक्कांचं घर.
क्रमाने लिहितो.
काटा अर्ध्यावर होता तो फागण्याच्या अलीकडे लाल रेघेपाशी गेला. एसीतून गरम वारा येऊ लागला. आबा म्हणाले, हाई खिडकी उघडी शे का? मग बोनेटमधून वाफ. थांबलो. मागून प्रेमराज आला, फडकं घेऊन बोनेट उघडलं. मग जाळीच्या आतून शिजलेली पानं एकेक करून बाहेर काढली. म्हणाला, "साडूभाऊ, पंगत घरी उठली, इथे अजून कोण जेवायचं राहिलंय?" मोहिनी वळून उसाकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. चारुलतेने हसू लपवलंसुद्धा नाही.
मी अनुमान समजावून सांगितलं. तो म्हणाला, ट्रकमधल्या केळ्यांना इंजिन नसतं.
हा तर्क नव्हे, टोमणा आहे.
गाडी सुरू करू नका म्हणाला. त्याच्या डिकीत दोरही निघाला. माणसाने किती तयारीत राहावं याला काही मर्यादा? दोघी बहिणी त्याच्या गाडीत गेल्या. आबांना त्याने हात दिला, पण आबा म्हणाले, मी उतरत नही, गुडघा दुखतस. आबा राहिले! तो पुढे ओढतो, मी मागे स्टीअरिंग धरून, शेजारी आबा.
रस्ता गुळगुळीत. खिडक्या उघड्या. थोड्या वेळाने आबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, गाडी भारी शे. आवाज नही, धक्का नही. पुढला साल बी हाईच गाडीमा बसू."
हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतोय. प्रेमराजचा चेहरा पाहायची फार इच्छा झाली, पण तो दोराच्या दुसऱ्या टोकाला होता. निदान काहीतरी करावं म्हणून आनंदाने हॉर्न वाजवला.
त्याला वाटलं मी थांबायला सांगतोय. तो थांबला. इंजिन बंद असलं की ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं, हे मला नंतर कळलं. मी थांबलो, पण त्याच्या गाडीला टेकून.
आबा उतरले. कुणी हात दिला नाही, गुडघ्याबद्दल काही बोलले नाहीत, डबा उचलला आणि चालत जाऊन त्याच्या पुढच्या सीटवर बसले. मोहिनी मागे सरकली. उरलेला रस्ता मी एकटाच आलो, दोराच्या या टोकाला.
एक समाधान होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बंपरला पोचा पडला. चांगला खोल, ताटलीएवढा. वाटेभर मी त्या पोच्याकडेच पाहत होतो.
अक्कांच्या अंगणात आल्यावर प्रेमराज म्हणाला, काही विशेष नाही, प्लास्टिकच आहे. पाणी उकळून आणवलं, बाहेरून सोडायला लावलं, आतून हाताने एक दाबा दिला. पोचा टुपकन बाहेर आला. जागा कुठली ते आता सापडतही नाही. आबा खुर्ची टाकून बघत होते. अक्काही. वा वा झाली.
गरम पाण्याचा तांब्या माझ्याकडे दिला होता. तो मी उत्तम धरला.