पंचमीनंतरचा घाणा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
२ जुलै २०२५

ती. स्व. ईरम्मा आत्या हिस,
शिवलीलेचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नुसता भुंगा ऐकू येतो आणि कानातलं मशीन तू पिठाच्या डब्याशेजारी ठेवून दिलंयस, असं संस्कृतीकडून कळलं. तुझी नात तुझ्या सगळ्या चहाड्या करते बरं का. तेव्हा तुझ्यासाठी आपलं पत्रच बरं.

अण्णांची तब्येत तशी ठीक. उजवा हात मात्र अजून उचलत नाही. जेवण डाव्या हातानं चालतं आणि चिडचिड चारी दिशांनी. भज्यांचा गाडा दिवाळीपासून अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे. परवा भाऊराया प्रभु पुण्याहून आला आणि म्हणाला, पंचमी झाली की गाडा भंगारवाल्याला देऊ, त्या जागी माझी मोटार लागेल. मी तिथल्या तिथं सांगितलं, गाडा मी चालवणार. युनिफॉर्मच्या कॉलरी शिवून माझी मान गेली, आता मिरची भजी तळणार.

प्रभु हसला. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, “आप्पांपासून गिरणीच्या नाक्यावर एकच चव हाय. ती आली तर गाडा तुजा. न्हाय आली तर भंगारात गेलेला बरा.”

मग काय, त्याच संध्याकाळी कढई ठेवली. सोडा जास्त पडला आणि भजी फुगून टम्म झाली. शेजारच्या भुवनेश्वरीनं मिटक्या मारत खाल्ली. अण्णांनी अर्धी खाल्ली आणि म्हणाले, चांगली हाय, पण आपली न्हाय. अण्णा काही लपवत नाहीत गं, विचारीन ते सांगतात. पण आपण घरच्या बायकांनी फक्त मिरच्या चिरायच्या आणि भरायच्या, पीठ कालवणं आणि तळणं गाड्यावर, त्यामुळं ते कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. तू आप्पांची लेक, त्यांच्या वेळेपासूनची आहेस. काय चुकतंय ते कळव, आणि पंचमीला माहेरी ये. आई गेल्यापासून तुला कुणी बोलावलं नाही, आता मी बोलावते आहे.

लोभ आहेच, तो या तळणीत करपू देऊ नकोस.

तुझी,
शिवलीला


मंगळवेढा,
८ जुलै २०२५

चि. शिवलीला हिस,
ईरम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पहिल्यांदा हसले आणि मग बसण्णाचा राग आला. पोरीनं गाडा मागितला तर जीव सुपाएवढा व्हायला पाहिजे, हा परीक्षा घेत बसलाय.

सध्या आखाड आहे, तळायचाच महिना. पोटभर तळ. मिरच्या धुतल्यावर फडक्यावर पसरून कोरड्या केल्यास का? नसशील केल्या. ओल्या मिरचीला पीठ धरत नाही, तेलात गेली की अंगरखा टाकून पळते. पाकिटातलं बेसन आणू नकोस. हरभऱ्याची डाळ गिरणीतून जरा भरड काढून आण आणि त्यात मूठभर ज्वारीचं पीठ घाल. पीठ आमच्या रानातल्या ज्वारीचं पाठवते आहे. शेजारची राजाबाई डोळे दाखवायला सोलापूरला येते, तिच्या पिशवीत आहे. मिरचीच्या पोटात ओवा, मीठ आणि चिंचेचा कोळ, एवढंच. जिरं घालशील तर बघ.

लहानपणी मी आणि बसण्णा दारात बसून गाड्याची वाट बघायचो. आप्पांचा नेम कडक होता. गाड्यावर घरच्याचं तोंड हलता कामा नये, आधी गिऱ्हाईक. गाडा घरी आला की उरलेली भजी कागदात बांधून मिळायची. पुढं बसण्णानंही तोच नेम चालवला, हे तुला सांगायला नको. तुम्ही भावंडंही तशीच उंबऱ्यात बसलेली मी पाहिली आहेत.

पंचमीला येते. सोमवारी येऊन बुधवारी सकाळच्या एसटीनं परत, संस्कृतीला शाळा आहे. बसण्णा मलाच विचारणार, ही आपली भजी का म्हणून. तुला आत्ताच सांगून ठेवते, मी खोटं बोलणार नाही.

माया आहेच, ती गृहीत धर आणि पीठ चाळून घे.

तुझी,
आत्या


सोलापूर,
१६ जुलै २०२५

ती. स्व. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

राजाबाईंनी पीठ पोहोचवलं, शिवाय तुझ्याबद्दल दोन तास तक्रारी ऐकवल्या. मजा आली.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मिरच्या फडक्यावर पंख्याखाली ठेवल्या. भरड पीठ, ज्वारी, वरून कडकडीत तेलाचं मोहन. आता भजी दिसायला अगदी गाड्यावरच्यासारखी होतात. भुवनेश्वरी तर हल्ली आमच्याकडं कढईचा आवाज झाला की ताटली घेऊनच येते. शिलाईच्या वर्कशॉपमधल्या बायकांनी डबा पुसून परत दिला. आणि अण्णा? कढईतून काढून वाफाळती त्यांच्या ताटात घातली, तरी तेच. चांगली हाय, पण आपली न्हाय.

मला वाटायचं ते मुद्दाम करतात. प्रभुला दुखवायचं नाही म्हणून. पण आत्या, काल मी चुलीपाशी उभी राहून डोळे मिटून एक खाल्ली, आणि अण्णांचं खरं आहे. कुरकुरीत आहे, तिखट आहे, चांगली आहे. पण आईच्या मांडीला टेकून खायचे ती ही नाही. अण्णा खोटं बोलत असते तर मी भांडले असते. ते खरं बोलतात म्हणून रडू आलं.

रडून झाल्यावर परत डाळ दळून आणली आहे. भंगारवाला येऊन ताडपत्री वर करून गाडा बघून गेला. त्याला रविवार, तीन ऑगस्ट सांगितलाय. मी पंचमीच्या दिवशी तुझ्यासमोर तळते, वर्कशॉपमधून सुटी काढली आहे. तू फक्त भूक घेऊन ये.

तुझी,
हट्टी शिवलीला


मंगळवेढा,
२१ जुलै २०२५

चि. शिवलीला हिस,
अनेक आशीर्वाद.

अगं, पंचमीला कढई ठेवतेस? त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, एवढंही तुझ्या डोक्यातून भज्यांनी घालवलं? तुझी आई वरून कपाळाला हात लावेल. पंचमीला पुरणाची दिंडं उकड. आदल्या दिवशी श्रावणी सोमवार, मला उपास. म्हणजे उरला बुधवार. माझी एसटी सकाळची आहे. उजाडताच तळ, मी गरमगरम खाऊन निघते.

आणि रडायचं असेल तर कांद्यावर रड, पिठावर नको. खारट होतं.

तुझी,
आत्या


सोलापूर,
३० जुलै २०२५, दुपार

ती. स्व. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

तुला एसटीत बसवून आले आणि लगेच लिहायला बसले, कारण राग थंड झाला की मला लिहिता येत नाही.

तू आलीस, घर भरल्यासारखं झालं. दोन दिवस अण्णा हसत होते, ते मी विसरणार नाही. पण आज सकाळी काय केलंस? मी पहिला घाणा काढला, तुला आणि अण्णांना ताटलीत दिला. तू एक भजी खाल्लीस, अण्णांकडं पाहिलंस, अण्णांनी तुझ्याकडं. आणि दोघंही गप्प. मग तू संस्कृतीला नेते म्हणून चार भजी कागदात बांधलीस आणि पदर सारखा करून उठलीस. नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं. तू खोटं बोलणार नव्हतीस हे ठाऊक होतं, पण तू मुकी होशील हे सांगितलं नव्हतंस.

रविवारी भंगारवाला येईल. येऊ दे. गाडा गेला तर मी हातगाडी भाड्यानं घेईन, नाहीतर दारात टेबल मांडीन. लोकांना माझी भजी आवडतात. फक्त ती आपली नसतील, याचं मला फार वाईट वाटतं आहे.

तरीही लोभ आहे. किती ते विचारू नकोस.

शिवलीला


मंगळवेढा,
३१ जुलै २०२५

चि. शिवलीला हिस,
पोटातून आशीर्वाद.

हे पत्र राजाबाईच्या हाती देते आहे, तिला उद्या डोळ्यांसाठी पुन्हा यायचंच आहे. संस्कृती म्हणाली फोन लावते. मी म्हटलं नको, तुमचा फोन बसण्णाच्या उशाशी असतो आणि हे त्याला आधी कळायला नको.

काल मी गप्प बसले कारण जीभ उचलेना. भजी चांगली होती आणि आपली नव्हती. तुझं तोंड बघून नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणणं खोटं झालं असतं. एसटीत सारखी डोळे पुसत होते. कंडक्टरला वाटलं, तिकिटाचे पैसे नाहीत म्हातारीकडं.

वाटेत कामतीला गाडी बंद पडली. दुसरी येईपर्यंत उन्हं पार कलायला आली. उपाशीपोटी किती बसणार, संस्कृतीचा पुडा सोडला. कागद तेलकट झालेला, भजी गार, मऊ. एक तोंडात घातली आणि शिवलीला, मी उंबऱ्यात बसलेली ईरी झाले. चिंच-ओव्याचं पाणी पिठात उतरलेलं, मिरची मवाळलेली, वरचं कवच जरा चिवट. तीच. अगदी तीच. चारही खाल्ली, संस्कृतीला रिकामा कागद दाखवला.

अगं, आपण कुणी गाड्यावर गरम भजी कधी खाल्लीच नाही. आप्पांच्या नेमानं मी नाही, बसण्णानं नाही, तू नाही. बसण्णानं जन्मभर हजारो लोकांना गरम खायला घातली आणि स्वतः घरी येऊन गारच खाल्ली. आपल्या घराला आपल्या भज्यांची चव गारच माहीत. तू कढईतून काढून वाफाळती त्याच्या ताटात घालतेस, त्याला ती कशी ओळखू येणार? चूक तुझ्या हाताची नव्हती, आपल्या तिघांच्या जिभेची होती.

आता एक कर. सकाळी तळ, कागदात बांध, कपाटात ठेव. दिवे लागले की त्याच्यापुढं पुडा सोड. एक शब्द बोलू नकोस.

माझ्यावर रागावली असशील तर राहा रागावून, पण तळ.

तुझी,
आत्या


सोलापूर,
३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्या हिस,
शिवलीलेचा वाकून नमस्कार.

माझं रागाचं पत्र तुला मिळालं असेल. ते चुलीत घाल.

राजाबाई शुक्रवारी आल्या, मी शनिवारी सकाळी तळलं. भुवनेश्वरी ताटली घेऊन आली, तिला दिलं आणि बाकीचं कागदात बांधून कपाटात ठेवलं. अण्णांनी विचारलं, आज मला न्हाय का? मी कामात असल्याचं दाखवलं. दिवेलागणीला त्यांच्या पुढ्यात पुडा ठेवला आणि आत जाऊन दाराआड उभी राहिले.

त्यांनी डाव्या हातानं कागद सोडला. एक खाल्ली. दुसरी घेतली आणि ती नुसतीच हातात धरून बसले. मग ती पण खाल्ली आणि तिसरी उचलली. मी बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालावर पाणी होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, एक उचलत नाही, दुसऱ्यात भजी. मी पुसलं. मला म्हणाले, “चाकांना त्याल घालाया लागंल, दिवाळीपासनं उभी हायती.”

आज भंगारवाला आला. अण्णांनी त्याला खुर्चीवर बसवून गार भजी खायला घातली आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. प्रभुला फोन केला, तो आधी कुरकुरला, मग त्यानं विचारलं, पुण्याला पाठवशील का. म्हटलं पाठवते, पण पोहोचेपर्यंत गार होतील. तो म्हणाला, मग तर नक्की पाठव. बघ, त्याच्याही जिभेला तीच खोड.

गिऱ्हाइकांना गरमच देणार, ती त्यांची चव. आप्पांचा नेम मात्र मोडणार नाही. गाड्यावर घरच्याचं तोंड हलणार नाही, माझंही नाही. अण्णा उंबऱ्यात बसून वाट बघतील आणि मी उरलेली बांधून आणीन. तुझा पुडा मंगळवेढ्याच्या एसटीत देत जाईन. गाडी वाटेत बंद पडो, म्हणजे चव मुरेल.

तुझा लोभ या गाड्यामागं चालत राहो, चाकांना आता तेल घातलं आहे.

तुझी,
गाडेवाली शिवलीला