तनुजाचा नंबर

४ मार्च १९९६, लातूर
‘कॉम्प्युटरच्या साठ विद्यार्थ्यांनो, तुमच्या वाट्याला मशीनं फक्त चार!’ — आज गेटवर अशी सुरुवात केली. टाळ्या पडल्या. शेजारच्या क्लासची पोरंही सायकली थांबवून ऐकत होती. मशीनवर बसायच्या नंबरांची यादी मीच करतो. अन्याय तोंडपाठ आहे.

६ मार्च
सिद्धेश्वर सरांनी बोलावलं. प्रॅक्टिकलला असिस्टंट हो म्हणाले. खालच्या वर्गाला शिकवायचं, मशीनरूमची चावी सांभाळायची, परीक्षेला मशीनं मांडायची. अट एकच — भाषणं बंद. तसं लिहून द्यायचं.
शिकवायला आवडेल, खोटं कशाला लिहू! पण तोंड शिवून?
रूमपार्टनर हमजा नांदेडचा, जीभ तिखट. म्हणाला, “घे की नेताजी. आमालाबी जरा शांती मिळंल.”

७ मार्च
नाही म्हणायचं. ठरलं.

८ मार्च
वर्गातली तनुजा मशीनरूमबाहेरच्या पत्र्याच्या व्हरांड्यात वहीवर प्रोग्राम लिहीत बसली होती. बिनचूक! मग नंबर लागला की आत का येत नाहीस, विचारलं. भूकंपात तिच्या घरातली तिघं गेली, एवढं सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. खाली बघतच म्हणाली, “वर स्लॅब हाय. अन् एसीपायी दार लावून घेत्यात. बसवत न्हाई.”
वर्षभर मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. तिचा नंबर कापून हमजाला दिला. मी — न्यायाच्या गप्पा मारणारा!
सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा. नापास झाली तर तिचा मामा शिक्षण बंद करणार.
उद्याच गेटवर बोलतो, म्हणालो.
“माझ्यावर भाषण करू नका,” ती म्हणाली. “गावात लई झाली.”

९ मार्च
सरांना म्हटलं, परीक्षेपुरतं दार उघडं ठेवू. कुणासाठी, ते सांगितलं नाही. मशीनमध्ये धूळ जाते, म्हणाले. विषय संपला.
मग लिहून दिलं. सही केली. चावी खिशात आहे.
गेटवर पोरं भाषणाची वाट बघत थांबली होती. मी मागच्या बाजूने निघालो. खोलीवर हमजाने तोंड फिरवलं. “विकला गेलास,” एवढंच बोलला.

१० मार्च
हमजा त्याच्या मामूंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलाय. उशीवर चिठ्ठी ठेवली. ही चावी उद्या संध्याकाळपर्यंत तरी माझ्याकडे राहील का, माहीत नाही.
‘हमजा, उद्या सकाळी सातला मशीनरूमपाशी ये. दुकानातली सगळ्यात लांब वायर आण. एक मशीन व्हरांड्यात मांडायचंय.’