ताईचं मंगलाष्टक

८ नोव्हेंबर १९६४, रविवार. लोणार.

नवी रोजनिशी, नवी शाई. दिवाळी संपली, आता काम.

संकल्प एकच. होळीच्या आत ताईचे नऊशे रुपये परत करायचे. मी बी.ए. झालो तो ताईच्या लग्नासाठी बाबांनी साठवलेल्या पैशांवर. अमरावतीची खोली, खाणावळ, फी, सगळं त्यातूनच. कर्ज बँकेचं नाही, सावकाराचं नाही, सख्ख्या बहिणीचं आहे. त्यामुळे तगादा नाही. ताई आजवर एका शब्दाने बोलली नाही.

मेहकरचं स्थळ आलं आहे. मुलगा तहसिलीत कारकून, स्वभावाने गरीब, सायकल स्वतःची. तो पाहून गेला त्या संध्याकाळी कोकिळाताई मेथीच्या जुड्या बांधताना गुणगुणत होती. मी पहिल्यांदाच ऐकलं. मुलाचे वडील किसनराव यांनी नऊशे सांगितले. हुंडा कायद्याने बंद झाल्यापासून ते त्याला मानपान म्हणतात. होळीपर्यंत थांबतो म्हणाले.

मास्तरकीच्या पगारातले साठ घरात देतो. उरलेल्यात माझं कसंबसं भागतं. तेव्हा पार्ट-टाइम धंदा करणे. कोणता, ते उद्या ठरवणे.

१० नोव्हेंबर

ठरलं. ट्यूशन! संध्याकाळी ओट्यावर. सोपं आहे, इतके दिवस सुचलं कसं नाही?

२९ नोव्हेंबर, रविवार

ट्यूशन बंद. पालक फी म्हणून वांगी आणून देतात. तीही आमच्याच मळ्यातली, बाबांकडून उधारीवर नेलेली. बाबा म्हणाले, "वांगे इकून पोरगा शिकवला, आता शिकेल पोरगा वांगेच घरी आणून राह्यला." बाबांना अर्थशास्त्र कळत नाही.

त्यापेक्षा नामी कल्पना सुचली आहे. मंगलाष्टकं. अंतरपाट धरला की महाराज त्यांची नेहमीची म्हणतातच, पण आता हौशी घरांना आपल्या मुलीचं आणि जावयाचं नाव गुंफलेलं वेगळं अष्टक हवं असतं. मामा किंवा भाऊ उभा राहून म्हणतो, मग तो कागद चौकट करून भिंतीवर लागतो. मला वृत्तं येतात. तालुक्यात दुसऱ्या कोणाला येतात? एकाचे पाच रुपये. माझं अक्षर विद्वानाचं असल्याने नक्कल ताई करील. ती सातवी पास आहे आणि तिचं अक्षर बघत राहावं असं आहे.

१३ डिसेंबर, रविवार

बीबी गावची पहिली ऑर्डर! पाच रुपये रोख. शुभारंभाचा चहा आणि भजी मित्रांना द्यावी लागली, पण ती जाहिरात समजायची. खाली टोपणनाव घातलं: कवी सरोवरकुमार. ताईने विचारलं, "काऊन रे, तुळशीराम लिहिलं तं पैसे कमी देतेत का?" तिला साहित्यातल्या गोष्टी समजावून सांगितल्या. ऐकता ऐकता तिने दोन नकला पूर्ण केल्या.

२७ डिसेंबर

इतरांसाठी एकच साचा ठेवला आहे, नावं तेवढी बदलतो. पण आज ताईसाठी वेगळं सुरू केलं. तिच्या लग्नात मी स्वतः उभा राहून म्हणणार. शार्दूलविक्रीडित. पहिली ओळ अशी उतरली की माझ्याच अंगावर काटा आला:

आली अंगणि आज मंगल घडी, न्हाली सुखे कोकिळा

ताईला म्हणून दाखवली. टाकावरची शाई वाळून गेली तरी ती तशीच बसून राहिली. म्हणाली, "पुन्हा म्हण." पुन्हा म्हटली. मग म्हणाली, "हे कोणाले देऊ नको बरं. हे माह्यावालं हाय."

वचन दिलं. कवीचं वचन.

१७ जानेवारी १९६५

ताईच्या पैशांसाठी ठेवलेल्या डब्यात सेहेचाळीस रुपये! या वेगाने होळीपर्यंत नऊशे होत नाहीत हे मलाही कळतं. म्हणून वेग वाढवायला भांडवल घातलं. जालन्याच्या छापखान्यात पाचशे रंगीत कागद टाकले. वर गणपती, खाली लोणारचं सरोवर, मध्ये माझं नाव. अडतीस रुपये. ताई म्हणाली, "आधी पन्नासच छापले असते तं?" बायकांना मोठा विचार करता येत नाही.

७ फेब्रुवारी

कागद आले. सुरेख आहेत. गणपती आणि माझं नाव मिळून एवढी जागा गेली आहे की अष्टकाच्या पाचच ओळी मावतात. उरलेल्या ताई पाठीमागे लिहिते. चूक छापखान्याची. नमुना मीच काढून दिला होता, पण त्यांनी विचारायला हवं होतं.

१४ मार्च, रविवार

किसनराव आले. डब्यात एकसष्ट. मी त्यांना हप्त्यांची योजना समजावून सांगितली. दरसाल दीडशे, म्हणजे सहा वर्षांत बिनबोभाट फिटतात. ते म्हणाले, "मास्तर, हा काय रेडिओ हाय का हप्त्यानं घ्याले?" चहा पिऊन उठले. बाबा मळ्यात पाणी धरायला निघून गेले. ताईने कप विसळले, पालथे घातले, पुन्हा सरळ केले, पुन्हा विसळले.

असल्या हिशेबी घरात ताई सुखी झाली नसती. एका अर्थी मी तिला वाचवलंच.

१७ मार्च, होळी

काही सुचत नाही. ताईशी बोललो नाही. तिला एकांत हवा असणार.

११ एप्रिल, रविवार. दुपारी.

आश्चर्य. किसनराव पुन्हा आले. मला वाटलं, मन बदललं! पण मुलाचं चिखलीकडे ठरलं आहे. मुलीचं नाव वत्सला. लग्न गुरुवारी. "तुमचं नाव लय ऐकलं मास्तर, आपल्याले एक अष्टक पाह्यजे, पण एक नंबर. साच्यातलं नको." पंचवीस रुपये पुढे ठेवले. पंचवीस!

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण धंद्यात भावना आणू नये.

त्याच रात्री.

परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत. चार दिवसांत नवं कुठून आणू? तयार असं एकच होतं. सहज म्हणून कोकिळा काढून वत्सला घालून पाहिलं. न्हाली सुखे वत्सला. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही! लघु-गुरू तंतोतंत. याला योगायोग म्हणवत नाही. शिवाय पैसे शेवटी ताईच्याच डब्यात जाणार. तिच्यासाठी दुसरं लिहीन, याहून सरस.

१२ एप्रिल

ताईने नक्कल करून दिली. मी शाळेत जाताना मसुदा तिच्यापुढे ठेवला, आल्यावर कागद तयार होता. पहिल्या ओळीशी एक कागद बिघडला म्हणून दुसरा घेतला, एवढंच म्हणाली. मग शाईची पुडी आणायला सांगितली. तिला वाईट वाटलं असतं तर ती बोलली असती. आमच्या घरात मनात ठेवायची पद्धत नाही.

१६ एप्रिल

काल मेहकरला मीच म्हटलं. किसनरावांचा आग्रहच होता. मांडवात दोनदा वन्समोअर! कुर्यात सदा मंगलम्‌ला सगळे उठून उभे राहिले. बस सुटली म्हणून मुक्काम. घरी आल्यावर ताईने विचारलं, "नवरी कशी होती?" म्हटलं, बरी होती. खरं म्हणजे मी नवरीकडे पाहिलंच नव्हतं.

९ मे, रविवार

ताईचं ठरलं. दुसरबीड. गुलाबराव, सायकल दुरुस्तीचं दुकान, वय छत्तीस. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी गेली, दोन लहान मुलं आहेत. मानपान काही नको, लग्न साधंच करू म्हणाले. बाबांनी ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माणूस बोलाले बरा हाय."

आता कोणी पैसेच मागत नाही. म्हणजे हिशेबाने मी कर्जमुक्त झालो. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहायचं ठरवलं होतं. नको.

३० मे, रविवार

लग्न लागलं. सरस अष्टक झालं नाही. उन्हाळा फार होता, डोकं चालेना. पण जुनं होतंच, नाव परत घालून कागद खिशात ठेवला होता, यावेळी माझ्याच अक्षरात. सकाळी हळद धुऊन ताई आत जाताना थांबली. म्हणाली, "तुळशी, आज तू नको म्हणू. महाराजाचेच पुरे."

सगळ्यांसारख्या अक्षता टाकल्या. मांडवामागे चुली पेटल्या होत्या. धुराने डोळ्यांतून फार पाणी आलं.

११ जुलै, रविवार

निश्चय. मागत नसले तरी कर्ज ते कर्ज. डब्यातले दहा रुपये घेऊन पहिला हप्ता द्यायला दुसरबीडला निघालो. यापुढे दर महिन्याला.

तिकिटाला दीड. मुलांसाठी पेढे आणि शिट्ट्या, साडेतीन. बीबीच्या स्टँडवर एक गिऱ्हाईक भेटलं. माझ्या हाताने लिहिलेलं अष्टक खिशातून काढून म्हणाला, "मास्तर, हे आमच्या इथं कोणाले वाचताच नाही आलं. पह्यलेचं अक्षर पाह्यजे होतं." पाच रुपये परत घेतले. मी दिले. भांडण करणं शोभलं नसतं.

गुलाबराव चांगला माणूस. पंक्चर अर्धवट टाकून हात पुसत आला, पेढा आधी मुलांना दिला. ताई चुलीपुढे भाकरी करत होती, धाकटा तिच्या पाठीला चिकटून. वाळली आहे. हप्त्याचं मी बोललो नाही. तिनेही विचारलं नाही, कशाला आला म्हणून.

मग एकाएकी म्हणाली, "ते माह्यावालं म्हण ना एकदा. इथं कोणी नाही."

खाकरलो, चाल धरली. आली अंगणि आज मंगल घडी, न्हाली सुखे वत्सला.

जिभेने दगा दिला. वन्समोअर घेतलेली जीभ ती. मी तिथेच थांबलो. ताईने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हणाली, "थांबला काऊन? म्हण पुढचं."

म्हटलं. शेवटपर्यंत म्हटलं. तिने तिकडे तोंड केलं होतं. धाकटा माझ्याकडे बघत होता.

"चांगलं लिहिलं होतं तू," ती म्हणाली.

बसमध्ये रडलो. धूर म्हणावं तर बसमध्ये चूल नव्हती. तिकिटाला पैसे उरले नव्हते, ते ताईने लुगड्याच्या गाठीतून सोडून दिले. दीड रुपया. म्हणजे आता नऊशे एक, आठ आणे.