थोरलीचं पासिंग

२ नोव्हेंबर, सोमवार

येत्या शनिवारी थोरलीचं पासिंग. थोरली म्हणजे आमची मोटरसायकल. माझ्या आधी घरात आली, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. (दादा दोघींच्या आधीचा, पण त्याला कोणी मोजत नाही.) वय झालं तरी वार्षिक तपासणीत ती पास होते म्हणजे होतेच. बाबा न्यायचे तेव्हा पहिल्या खेपेला व्हायची. त्यांचा गुडघा धरला, जबाबदारी माझ्यावर आली आणि नेमकी तेव्हापासून ती जरा वेळ घेऊ लागली. आधी तिसऱ्या खेपेला, गेल्या वर्षी दुसऱ्या. म्हणजे सुधारणाच आहे. यंदा पहिल्या. साधा हिशोब.

बाबांनी जाहीर केलंय की यंदा नापास झाली तर मामा घेऊन जाणार. मामाचं भंगाराचं गोदाम आहे. त्याला सगळीकडे भंगारच दिसतं. चहा पिताना तो दादाकडेही त्याच नजरेने बघत होता.

बाबांना म्हटलं, तुम्ही निर्धास्त राहा. ते म्हणाले, आधी तू राहा, मग मी राहतो.

थोरली गेली तर कामावर बसने जावं लागेल. तो विचारही करायचा नाही.

संध्याकाळी: केला.

३ नोव्हेंबर, मंगळवार

मेकॅनिककडे. त्याने चेन ताणली, तेल बदललं, किक मारून कान दिला आणि म्हणाला, ताई, गाडी ठणठणीत आहे, तुम्ही बऱ्या आहात ना? मी म्हटलं, डावा इंडिकेटर कधी कधी रुसतो. त्याने लावला. लागला. पुन्हा लावला. लागला. मी म्हटलं, तुमच्यासमोर लागतो हो. तो म्हणाला, मग काय, शनिवारी मीही येऊन उभा राहू का? चांगला माणूस आहे, पण खोलात जात नाही.

घरी येऊन मी स्वतः खोलात गेले. दिसतील ते नट काढले, पुसले, परत बसवले. एक उरला. तो थोरलीचा नसावा.

नंतर: बाबांनी तो जागेवर बसवला. म्हणजे होता.

५ नोव्हेंबर, गुरुवार

दादाचं म्हणणं असं की दर वर्षी थोरली पासच होते, मी तोंड उघडते आणि नापास करून आणते. अन्याय. मी फक्त सहकार्य करते.

मुळात दोष असलाच तर बाबांचा. पहिली काही वर्षं मी शाळेत गेले नाही. जेवणाच्या टेबलाशी बाबांनीच शिकवलं. नियम एकच: वही तपासायला देण्याआधी आपल्या चुका आपण सांगायच्या. सांगितलेल्या चुकीचे मार्क जात नाहीत. पुढे खऱ्या शाळेत ते जायला लागले, पण तोवर जीभ वळली होती. आज बाबा म्हणतात, अगं, तो नियम फक्त पाढ्यांपुरता होता. हे आत्ता सांगायचं?

संकल्प: शनिवारी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

सराव: दादा तपासणीवाला साहेब झाला. आईचा चष्मा लावून दारात खुर्ची टाकून बसला. गाडी कशी आहे? मी म्हटलं, चांगली. मग म्हटलं, तशी चांगली. दादा म्हणाला, हे ‘तशी’ आपल्याला भोवणार. पुन्हा. यावेळी ‘तशी’ गिळलं, पण ‘देवाच्या दयेने’ आलं. शेवटी ठरलं की नुसती मान हलवायची. मान उत्तम हलते. आई म्हणाली, तोंडात पेपरमिंटची गोळी ठेव. मोठी.

मजा येणार आहे! मी पूर्ण शांत आहे. जेवण गेलं नाही, ते वेगळं.

७ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

जवळजवळ पास!!

साहेबांनी ब्रेक बघितले: पास. हेडलाइट, हॉर्न, टायर, धूर: पास, पास, पास, पास. डावा इंडिकेटर लावला. लागला. मी मान हलवली. गोळी तोंडात होती. साहेबांनी शिक्का उचलला. आणि तेवढ्यात म्हणाले, वा, फार छान ठेवलीये हो गाडी.

आता हे विचारलं नव्हतं, हे खरं. पण नसलेल्या गुणांचं कौतुक गपचूप खिशात घालायचं, हे मला जमत नाही. मी गोळी गालात सरकवली आणि म्हटलं, साहेब, डावा इंडिकेटर कधी कधी रुसतो. ते म्हणाले, आत्ताच लागला की. मी म्हटलं, आत्ता लागला. ते म्हणाले, मग झालं तर. खूप घाईत होते बिचारे. त्यांच्या हातून चूक होऊ नये म्हणून मी इंडिकेटरवर टिचकी मारून दाखवली. काही झालं नाही. जरा जोरात मारली. काच खाली पडली, मागोमाग बल्ब.

म्हटलं, बघा.

साहेबांनी एकदा बल्बकडे बघितलं, एकदा शिक्क्याकडे. मग त्यांनी तो खाली ठेवला. रांगेत मागे एक पार्सलवाला होता, तो हात जोडून म्हणाला, ताई, आमच्या गाडीबद्दल काही बोलू नका हं.

एक इंडिकेटर सोडला तर पूर्ण गाडी पास आहे. घरी तसंच सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

८ नोव्हेंबर, रविवार

मामा टेम्पो घेऊन हजर. सोबत दोरखंड. मी थोरलीवर बसून राहिले. मामा म्हणाला, उतर गं बाळा. मी म्हटलं, फेरतपासणीचा हक्क आहे. तो म्हणाला, हक्क गाडीला आहे की तुला? थट्टा सुचते याला. मला रडू येत होतं, पण सीट नुकतीच पुसली होती.

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी मामाकडे बघितलं. एक शेवटची संधी मिळाली. उद्या! मेकॅनिकने नवा इंडिकेटर लावला आणि म्हणाला, टिचकी नको.

उद्या दोन गोळ्या ठेवणार.

९ नोव्हेंबर, सोमवार

पास!!!

तपशील: मी हेल्मेट घालून खाली आले तर थोरली नाही, किल्ली नाही, आई नाही. भाजी घ्यायला लागतो तेवढ्या वेळात आई परत आली. थोरलीवर. भाजीही आणली होती. मी विचारलं, साहेब काय म्हणाले? म्हणाली, आधी माझ्या मागे कोण बसलंय का ते वाकून बघितलं, मग शिक्का मारला. तू काय बोललीस? म्हणाली, काही नाही, मी कशाला बोलू?

अर्थात नवा इंडिकेटर होता म्हणून जमलं. तो कोणामुळे बसला, हे या घरात कोणी बोलणार नाही.

थोरली राहिली! अंगणात तिच्याभोवती नाचले. मामा रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना दादाला, येतोस का, म्हणून विचारून गेला.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आईला थोरली आवडली. सकाळी तिच्यावरून कामाला गेली. आता किल्ली तिच्याच पर्समध्ये असते.

मी बसने. बस तशी चांगली असते. खिडकीशी जागा मिळाली. मागचं दार नीट लागत नव्हतं, एवढंच. ड्रायव्हरला सांगितलं. त्यांनी लागतं म्हणून दाखवलं. मी लागत नाही म्हणून दाखवलं.

सगळे चालत गेलो. माझ्याशी कोणी बोललं नाही.