बिघडलं काहीच नव्हतं

प्रिय टिकले,

पाकीट बघून दचकली असशील. परवाच तर फोनवर बोललो, मग आता हे कागदी प्रकरण कशाला, असं म्हणत तू ते उभ्याउभ्याच फोडलं असशील. आधी बस. फोनवर मला हे जमलं नसतं. तू 'अगं वहिनी' म्हणून सुरुवात केलीस की माझा निम्मा राग तिथेच पाघळतो, आणि उरलेला निम्मा तू हसवून घालवतेस. या वेळी मला तो सगळाच्या सगळा हवा आहे, म्हणून लिहिते आहे.

आधी बातमी सांगते. इस्पितळाचे कोट वेळेवर गेले. काल सकाळी शेवटचा गठ्ठा दिला. आता त्यांच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला सगळे डॉक्टर छातीवर आपापलं नाव मिरवत उभे राहतील. त्यातली बरीच नावं मशीननं भरली आहेत आणि काही मी हातानं. नीट निरखून बघितलं तर कळतं, माझ्या 'क'चं पोट जरा सुटलं आहे. बोटांची चाळण झाली, अंगठ्याला तर अजून भांडं टेकवत नाही. मशीन धडधाकट असताना मी हातानं का भरत बसले, ते तुला माहीत आहे. खरं म्हणजे माझ्याही आधीपासून माहीत होतं.

मी या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस. दोन वेण्या आणि सदानकदा वाहणारं नाक. मी खिडकीशी बसून कपड्यांवर टिकल्या लावायचे आणि तू फरशीवर रांगत खाली पडलेल्या वेचून काडेपेटीत भरायचीस. एकसुद्धा सोडायची नाहीस. तेव्हापासून तू टिकली. सासूबाई म्हणायच्या, हिला आईपेक्षा वहिनीचं शेपूट व्हायला आवडतं. मला काय आनंद व्हायचा ते ऐकून! नव्या घरात सगळे माझ्याकडे पाहुणीसारखे बघत होते, आणि ही एवढीशी पोर मात्र माझ्या पदराला धरून होती. मी तुझा अभ्यास घेतला, तुझ्या भानगडी पोटात घातल्या, तुझ्या आजारपणात उशाशी बसले. हे उपकार म्हणून सांगत नाही गं. तू माझी होतीस, एवढंच सांगते.

मग तू मोठी झालीस, शिकलीस, आणि भरतकामाचं मशीन घेऊ या म्हणून टुमणं लावलंस. कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला संगणक उचलून आणलास आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलंस. फुकट आहे, जुन्या संगणकावरही पळतं, आणि दादासारखं मध्येच अडून बसत नाही, असं तू म्हणालीस तेव्हा आपण किती हसलो होतो. मी कागदावर वेल काढायची, तू ती संगणकावर टाक्याटाक्यानं बसवायचीस, आणि मग ते डिझाइन पेनड्राइव्हवर चढून पुढच्या खोलीतल्या मशीनमध्ये जायचं. संगणक आणि मशीन यांच्यामध्ये दुसरा रस्ताच नाही, तो बोटाएवढा पेनड्राइव्ह सोडून. तू नोकरीसाठी परगावी जायच्या आधी मलाही सगळं शिकवलंस. सुरुवातीला माझा माऊस टेबलावरून खाली पडायचा, पण शिकले बाई.

निरोपाच्या दिवशी तू तो निळा पेनड्राइव्ह माझ्या तळहातावर ठेवलास, माझी मूठ मिटलीस आणि म्हणालीस, वहिनी, आता हे सगळं तुझं. मी रडले होते. तुला आठवतंय ना? मला तर रोज आठवायचं, तो पेनड्राइव्ह हातात घेतला की.

तर तो निळा पेनड्राइव्ह या महिन्यात खुर्चीच्या चाकाखाली आला आणि चिरडला. जीव हळहळला, पण म्हटलं जाऊ दे, वस्तूच ती. नवा आणला, लावला. संगणक ढिम्म! ना खूण, ना आवाज, ना तक्रार. तुला फोन केला. तू म्हणालीस, दुसऱ्या भोकात लाव. लावला. मग मागच्या बाजूच्या भोकात लाव म्हणालीस. मी टेबलाखाली शिरले आणि बाहेर येताना टाळकं आपटून घेतलं. बंद करून चालू कर म्हणालीस, तेही केलं. भोकात धूळ साठली असेल म्हणालीस, तर दातांच्या जुन्या ब्रशनं एकेक भोक घासून काढलं. पेनड्राइव्ह नकली असेल म्हणालीस, म्हणून चांगल्या दुकानातून दुसरा आणला, आणि तोही चालेना तेव्हा तिसरा. शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंच्या लॅपटॉपमध्ये लावून बघितले, तिन्ही उघडले. आपल्या मशीनमध्येही तिन्ही चालले. आणि ज्या भोकात पेनड्राइव्ह मेल्यासारखा पडायचा, त्याच भोकात माऊस लावला की टुणटुणीत. हे सगळं मी तुला फोनवर सांगत होते आणि तू काळजीनं हं हं करत होतीस. शेवटी म्हणालीस, वहिनी, तू आता कशाला हात लावू नकोस, रविवारी मी येते आणि बघते. काय गोड आवाज होता!

पण कोट बुधवारी द्यायचे होते. मी इस्पितळातल्या बाईंना फोन करून पाच-सहा दिवस मागितले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडे देतो, पुढचे पडदे आणि चादरीसुद्धा. म्हणजे ते गिऱ्हाईक गेलं तर एका कामापुरतं जात नव्हतं. इतक्या वर्षांची आपली खटपट त्या एका शब्दावर टांगली होती. हे मी तुला त्याच दुपारी सांगितलं. आणि तू तरीही म्हणालीस, रविवारी बघू. मी फोन ठेवला, सुई घेतली आणि हातानं नावं भरायला बसले.

तेव्हा शिकवणीवाल्या बाईंनी सुचवलं की लिनक्सवाल्यांची एक मंडळी इंटरनेटवर असते, तिथे विचारा. आपल्या संगणकाला इंटरनेट नाही, म्हणून मी फोनवरून विचारलं. मला वाटलं, कोण कुणाला विचारतो! पण एकानं उत्तर दिलं. त्यानं आपलं नाव 'गंजका खिळा' असं घेतलं होतं, माणूस मात्र लोण्यासारखा. त्यानं मला संगणकाला हुकूम सोडायच्या त्या काळ्या पडद्यावर एक शब्द लिहायला लावला, तर माझा पेनड्राइव्ह यादीत चक्क हजर, कंपनीच्या नावासकट! म्हणजे संगणकाला तो दिसत होता. मग खिळ्यानं दुसरा शब्द लिहायला सांगितला. भराभर ओळी धावल्या आणि तळाशी एक ओळ थांबली. इंग्रजीतच, पण कळण्याइतकं इंग्रजी मला येतं. या उपकरणाला वापराची परवानगी नाही, असं लिहिलं होतं.

मी ती ओळ जशीच्या तशी पाठवली. त्यावर खिळ्यानं विचारलं की ताई, हा ऑफिसातला संगणक आहे का. कारण हा बिघाड नव्हे, हे आपोआप होत नसतं, कुणीतरी बसून मुद्दाम हे केलेलं आहे. मी लिहिलं, छे हो, घरचा आहे, माझ्या नणंदेनंच सगळं बसवून दिलंय. मग बिचाऱ्यानं लिहिलं, ताई, मग नणंदेलाच विचारलेलं बरं. मला आधी हसूच आलं. म्हटलं, नणंद म्हटलं की सगळ्या जगाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. मी त्याला अभिमानानं कळवलं की आमची नणंद तसल्यातली नाही. टिकले, हे मी लिहिलं. ते अजूनही तिथे आहे, कुणीही वाचावं.

मग त्यानं ती जागा दाखवली. यूएसबीच्या दारावर तू एक राखणदार बसवला होतास आणि त्याला कुणाला आत सोडायचं ते सांगून ठेवलं होतंस. कीबोर्डला सोड, माऊसला सोड, आणि एका पेनड्राइव्हला सोड. तोच निळा, त्याच्या खास क्रमांकासकट. बाकी जगातला कुठलाही पेनड्राइव्ह आला तरी दारातूनच परत. म्हणजे इतके दिवस मी माझ्याच कारखान्यात तुझ्या नजरकैदेत काम करत होते आणि मला वाटत होतं की मी मालकीण आहे. तो निळा चिरडला नसता तर मला जन्मात कळलं नसतं. आणि तू तीन तीन पेनड्राइव्ह आणायला लावलेस मला! भोकं घासायला लावलीस! काय बिघडलंय ते ठाऊक असताना, काहीच बिघडलेलं नाही हे ठाऊक असताना, ताकास तूर लागू दिली नाहीस.

तो राखणदार कधी बसवला, याचीही तारीख तिथे होती. तुझ्या निरोपाच्या जेवणाची तारीख. त्या दिवशी मी सकाळपासून ओट्यापाशी उभी होते. माझी बहीण आली होती, तुझ्यासाठी प्रवासाची बॅग घेऊन. सगळी पानं मांडली आणि तू आतल्या खोलीत संगणकापुढे बसलेली. मी म्हटलं, राहू दे, तिचा जीव आहे त्यात, निरोप घेत असेल. तुझं ताट मी तुझ्या दादाच्या हाती आत पाठवलं. आणि तासाभरानं बाहेर येऊन तू माझी मूठ मिटलीस.

तुझ्या दादाला विचारलं मी. काय झालं, कसं झालं, असं काही एक न विचारता तो म्हणाला, तिनं काळजीपोटी केलं असेल गं. बस. मला सगळं समजलं. ज्याला एखादी गोष्ट नव्यानं कळते तो आधी तोंड वासतो. यानं वासलं नाही. मग मी सोडलं नाही त्याला. तेव्हा कुठे म्हणाला की माझ्या बहिणीनं नुकतंच कपड्यांचं दुकान काढलं होतं, तर तुला वाटलं की डिझाइनं दुसऱ्या पेनड्राइव्हवर चढून तिकडे जातील. मी नेऊन देईन. माहेरी! आणि हे सगळं त्या दिवशी तुझं ताट घेऊन आत गेलेल्या माझ्या नवऱ्यानं तुझ्या तोंडून ऐकलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, भाजी छान झालीये. सध्या मी त्याच्याशी मीठ दे, दार लाव एवढंच बोलते.

इतक्या वर्षांत माझ्या बहिणीनं आपल्याकडून एक रुमाल फुकट नेलेला नाही. पण ते जाऊ दे, तिची बाजू मी मांडणार नाही. मला झोंबलं ते वेगळंच. तो राखणदार हटवायला पासवर्ड लागला आणि तो मला माहीत होता. आपल्या मांजराचं नाव, तूच ठेवलेलं, तूच मला शिकवलेलं. म्हणजे कुलूप घालून किल्ली तू माझ्याच कमरेला अडकवून गेलीस. कारण तुझी खात्री होती की वहिनीला त्या काळ्या पडद्यावरचं काय कपाळ कळणार आहे! चोर समजलीस ते एक दुःख, आणि त्यातही अडाणी चोर समजलीस. अगं, केसानं गळा कापणं म्हणतात ते काय वेगळं असतं?

पासवर्ड टाकला, राखणदार हटवला, पेनड्राइव्ह लावला. लगेच उघडला. मग मशीन सुरू केलं आणि उरलेले कोट भरले.

आता तू म्हणशील, एवढं सगळं कळलंच होतं तर रविवारी समोरासमोर बोललो असतो. नाही टिकले, रविवारसाठीच तर हे लिहिलं. तो रविवार मी डोळ्यांपुढे आणून बघितला. तू येणार, चप्पल भिरकावून थेट संगणकापुढे बसणार आणि मला चहा टाकायला आत पाठवणार. मी कप घेऊन येईपर्यंत तू गुपचूप सगळं काढून टाकणार आणि म्हणणार, झालं बघ वहिनी, काही नाही, एक वायर सैल होती. आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणणार, गुणाची गं माझी टिकली. कुलूप मी कसंबसं गिळलं. पण तू माझ्या तोंडावर खोटं बोलते आहेस आणि मला ते कळतंय, हे मला सोसणार नाही. तेवढ्यापासून तुला वाचवावं, आणि मलाही, म्हणून आधीच कळवते. संगणक चालू आहे. मी तुझ्यासाठी दार लावलेलं नाही, आता तिथे कुणाचाही पेनड्राइव्ह चालतो, तुझासुद्धा. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही. तरीही यावंसं वाटलं तर ये, तुझं पान मांडेन. फक्त वाढण्याआधी, तुझ्या दादाला शेजारी बसवून, एकच विचारणार आहे. ज्या वेली मी माझ्या हातानं काढल्या, त्या मी कुणाच्या घरातून चोरणार होते? उत्तर घेऊन ये. नसेल, तर या रविवारी नको येऊस.

अजून तरी तुझीच,
वहिनी